पाकपरीक्षा : बोट, तंतू आणि प्रवाहाचे शास्त्र

काही वर्षांपूर्वी माझ्या चिकित्सालयाला जोडून असलेल्या लहानशा औषधनिर्माणशाळेत वासावलेहाचे दोन पाक पंधरा दिवसांच्या अंतराने सिद्ध केले. वासास्वरस, शर्करा, घृत, पिप्पली आणि मध यांची प्रमाणे दोन्ही वेळी तीच होती. अग्नी देण्याचा कालही नोंदवहीत जवळजवळ सारखाच लिहिलेला आहे. महिन्याभराने पहिल्या पाकाच्या बरण्यांत तळाशी साखरेचे खडे जमले; दुसऱ्या पाकाच्या बरण्यांचे झाकण उघडताच फेस व आंबूस गंध आला. दोन्ही पाक टाकून द्यावे लागले. वीस वर्षे आमच्याकडे पाक करणारे दादा त्याच सुमारास वयोमानाने काम सोडून गावी गेले होते. मी त्यांना दूरध्वनी करून विचारले, "दादा, तुम्ही नेमके काय पाहत होता?" ते म्हणाले, "डॉक्टर, पळीवरून पडताना तो कसा पडतो ते बघायचं. पडता पडता थांबला पाहिजे."

दादांच्या त्या एका वाक्यात जे होते ते आमच्या नोंदवहीत कोठेही नव्हते. तेथे वजने, तापमान, दिनांक, बॅच क्रमांक, सही हे सारे होते. पाक कसा वाहतो, याची नोंद मात्र नव्हती. फार तर 'घट्ट झाला' असा एक शेरा. प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे. आपल्या औषधींचे प्रवाहवर्तन आपण मोजले पाहिजे, लिहून ठेवले पाहिजे, आणि त्याचा संबंध केवळ बरणीच्या दर्शनी रूपाशी नसून रुग्णाच्या सुरक्षिततेशी आहे, असे माझे मत आहे.

द्रव आणि घन यांच्या मधला प्रांत

न्यूटनने 1687 मध्ये द्रवाच्या प्रवाहाविषयी एक सरळ कल्पना मांडली. द्रवाचे थर एकमेकांवरून सरकताना होणारा विरोध हा सरकण्याच्या वेगाच्या प्रमाणात असतो. पाणी, तिळतेल, एरंडतेल हे द्रव या नियमाने चालतात. त्यांच्यासाठी श्यानतेचा एक आकडा पुरतो. पाण्याची श्यानता एक मानली तर सामान्य तापमानास तिळतेलाची साठ-सत्तरच्या आसपास आणि एरंडतेलाची कित्येक शेकड्यांत भरते.

परंतु आपल्या औषधनिर्माणशाळेतील बहुसंख्य कल्प या सरळ वर्गात बसत नाहीत. अवलेह, मलहर, इसबगोलाचा लुआब, चूर्णमिश्रित काढा, गोठू लागलेले घृत हे सारे द्रव आणि घन यांच्या मधल्या प्रांतातील पदार्थ होत. भौतिकशास्त्रात यांना जटिल द्रव म्हणतात. अमेरिकेतील यूजीन बिंगहॅम या रसायनशास्त्रज्ञाने 1919 मध्ये तैलरंगांचा अभ्यास करून दाखविले की, रंग हा नुसता दाट द्रव नव्हे. विशिष्ट मर्यादेपेक्षा कमी बल लावले तर तो हलतच नाही, मर्यादा ओलांडली की वाहू लागतो. भिंतीवर लावलेला रंग ओघळत नाही आणि ब्रशाखाली मात्र सहज पसरतो, तो याच गुणामुळे. या मर्यादेस प्रवाहारंभ-प्रतिबल म्हणता येईल. टूथपेस्ट ब्रशावर उभी राहते आणि नळीतून दाबली की बाहेर येते, तेथेही हेच घडते. बिंगहॅमच्याच पुढाकाराने 1929 मध्ये या शास्त्राची संस्था अमेरिकेत स्थापन झाली आणि 'ऱ्हिऑलॉजी' हे नाव रूढ झाले. अशा मृदू पदार्थांच्या अभ्यासाचा पाया घालणारे फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर-झिल द जेन यांना 1991 चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

याखेरीज आणखी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. बरेच जटिल द्रव ढवळले की पातळ होतात आणि स्थिर ठेवले की पुन्हा घट्ट होतात. यास्तव कढईत पळी फिरत असताना दिसणारी दाटी आणि बरणीत आठ दिवस विसावलेल्या अवलेहाची दाटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट काळाची. मार्कस रायनर यांनी 1964 मध्ये मांडलेल्या विचारानुसार पदार्थ घन की द्रव हे आपण त्याच्याकडे किती वेळ पाहतो यावरही ठरते. क्षणभर पाहिल्यास जो अवलेह ठाम उभा दिसतो, तोच तासाभराने ताटलीच्या कडेला पोहोचलेला असतो.

शार्ङ्गधरांच्या परीक्षा काय मोजतात?

शार्ङ्गधर संहितेत सुपक्व अवलेहाची जी लक्षणे दिली आहेत, ती आपण सर्वांनी प्रथम वर्षांतच पाठ केली. तंतू सुटणे, पाण्यात बुडणे, बुडाल्यावर न पसरता स्थिर राहणे, दाबल्यावर बोटाची मुद्रा उमटणे, आणि गंध-वर्ण-रस प्रकट होणे. शेवटचे लक्षण वगळल्यास बाकी सर्व लक्षणे प्रवाहाशी निगडित आहेत.

तंतूचे पाहू. बोटांच्या चिमटीत पाण्याचा तंतू ओढता येत नाही, कारण पृष्ठताण त्याचे तत्काळ थेंब करतो. श्यानता वाढली की पृष्ठताणाला ते काम करण्यास वेळ लागतो आणि तेवढा वेळ तंतू टिकतो. साखरेच्या पाकात एकतारी अवस्था साधारण 106 ते 112 अंश सेल्सिअसच्या दरम्यान येते. त्या वेळी शर्करेचे प्रमाण वजनाने सुमारे 80 टक्क्यांच्या घरात असते. म्हणजे तंतू पाहणारा पाककर्ता अप्रत्यक्षपणे उरलेल्या पाण्याचे मापन करीत असतो.

पाण्यात बुडण्याच्या परीक्षेत एक मर्म आहे. कच्चा पाकदेखील पाण्याहून जड असतो, त्यामुळे तोही खालीच जातो. फरक पडतो तो बुडाल्यानंतर. कच्चा थेंब तळाशी जाईपर्यंत विरघळत, पसरत जातो; सुपक्व थेंब आपला आकार राखून बसतो. मज्जन आणि स्थिरत्व ही दोन लक्षणे एकत्रच वाचावयास हवीत, असे मला यामुळे वाटते. विद्यार्थ्यांना शिकविताना आपण 'बुडाला, झाले' असे म्हणून मोकळे होतो आणि परीक्षेचा अर्धा अर्थ गमावतो.

मुद्रा ही तर प्रवाहारंभ-प्रतिबलाचीच परीक्षा होय. बोटाचा ठसा राहतो, म्हणजे ठशाच्या कडा स्वतःच्या भाराने ढासळत नाहीत. साधा हिशेब करून पाहा. अवलेहाची घनता पाण्याच्या 1.3 पट धरली आणि ठसा 2 मिलिमीटर खोल असला, तर त्या कडेवरील भार सुमारे 25 पास्कल होतो. ठसा टिकला तर त्या अवलेहाचे प्रवाहारंभ-प्रतिबल स्थूलमानाने याहून अधिक आहे, असे म्हणता येते. ज्या यंत्रास लाखो रुपये पडतात, ते यंत्र सांगते त्याचा एक स्थूल अंदाज बोटाने मिळतो.

आता माझ्या दोन फसलेल्या पाकांकडे येऊ. सामान्य तापमानास पाण्यात साखर वजनाने सुमारे 67 टक्क्यांपर्यंतच विरघळून राहू शकते. पाणी त्याहून पुष्कळ आटले की जास्तीची साखर आज ना उद्या खड्यांच्या रूपाने बाहेर येते. पाणी अधिक राहिले की शर्कराप्रिय किण्वांना जगण्यापुरता ओलावा मिळतो आणि संधान सुरू होते. च्यवनप्राशात आवळ्याच्या आम्लामुळे साखरेचा काही भाग विघटित होतो व खडे बनण्यास अडथळा येतो. वासावलेहात तो आधार तितकासा नाही. त्यामुळे येथे सुपक्वतेची पट्टी अरुंद आहे. दादांचे डोळे त्या पट्टीवर नेमके थांबत. माझे थांबले नाहीत.

प्रक्षेप द्रव्यांचाही यात वाटा आहे. आइन्स्टाइन यांनी द्रवात तरंगणाऱ्या कणांमुळे श्यानता किती वाढते, हे 1906 च्या प्रबंधात मांडले आणि 1911 मध्ये त्यात दुरुस्ती केली. कण विरळ असताना दर एक टक्का घनफळामागे श्यानता अडीच टक्क्यांनी वाढते. कणांची दाटी झाली की हाच चढ एकदम तीव्र होतो. वनस्पतिज चूर्ण पाणी शोषून फुगते, त्यामुळे त्याचे घनफळ वजनावरून कळत नाही. पिप्पलीचे वजन तेच असले तरी चूर्ण एका वेळी बारीक आणि एका वेळी भरड पडले, तर अवलेहाची दाटी बदलते. प्रक्षेप चूर्ण दर वेळी एकाच क्रमांकाच्या चाळणीतून काढावे, हा आग्रह यासाठी.

'घट्ट' हा एकच शब्द पुरत नाही

गुर्वादि वीस गुणांत सांद्र-द्रव ही एक जोडी, पिच्छिल-विशद ही दुसरी, स्थिर-सर ही तिसरी आणि मृदु-कठिन ही चौथी, अशा स्वतंत्र जोड्या आहेत. व्यवहारात मात्र आपण या चारही जोड्यांचे काम 'घट्ट' आणि 'पातळ' या दोन शब्दांवर भागवतो. जटिल द्रवांचे भौतिकशास्त्रही असेच सांगते की श्यानता, प्रवाहारंभ-प्रतिबल, स्थितिस्थापकता आणि चिकटपणा ही वेगवेगळी मापे आहेत. एकावरून दुसरे काढता येत नाही. मध सांद्र आहे आणि पिच्छिलही आहे. श्रीखंड सांद्र आहे, परंतु चमच्यावरून सुटून घसरते. एरंडतेल दाट आहे, पण त्याची मुद्रा राहत नाही.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे मी कर्तव्य समजतो. या साम्यावरून 'आमच्या आचार्यांना आधुनिक भौतिकशास्त्र अवगत होते' अशी घोषणा करण्याचा मोह काही लेखकांना होतो. गुण हे केवळ पदार्थाच्या वाहण्याचे वर्णन नव्हे. शरीरावर होणारे कर्म त्यांच्यात अंतर्भूत आहे, आणि त्यासाठी वेगळे प्रमाण लागते. साम्य दिसले म्हणजे सिद्धता झाली, असे नव्हे.

हा मोह अलीकडे आणखी एका विषयात वाढण्याची चिन्हे दिसतात, म्हणून त्याचा उल्लेख करतो. गेल्या तीन दशकांत 'सक्रिय द्रव्य' या नावाने भौतिकशास्त्राची एक नवी शाखा विकसित झाली आहे. ज्या समूहातील प्रत्येक घटक स्वतः ऊर्जा खर्च करून हालचाल करतो, त्याचा अभ्यास ती करते. पक्ष्यांचे थवे, पोहणारे जीवाणू, पेशीच्या आतील तंतूंचे जाळे ही त्याची उदाहरणे. 1995 मध्ये व्हिचेक आणि सहकाऱ्यांनी, तसेच टोनर व तू यांनी थव्यांचे गणित मांडले. भारतीय शास्त्रज्ञांचा यातील वाटा मोठा आहे. श्रीराम रामस्वामी हे या शाखेच्या प्रवर्तकांपैकी एक मानले जातात. यशोधन हातवळणे, रामस्वामी, मदन राव आणि आदिती सिम्हा यांनी 2004 मध्ये असे भाकीत केले की, पोहणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या पोहण्याच्या पद्धतीनुसार त्या द्रवाची श्यानता वाढेल किंवा घटेल. 2009 मध्ये बॅसिलस सबटिलिस या जीवाणूच्या मिश्रणाची श्यानता सुमारे सातपटीपर्यंत घटलेली आढळली. 2010 मध्ये पुढच्या बाजूने ओढत पोहणाऱ्या शैवालामुळे ती वाढलेली दिसली. 2015 मध्ये ई. कोलायच्या एका मिश्रणात विशिष्ट मर्यादेत श्यानता जवळजवळ शून्यावर आली. निर्जीव कण घातले की द्रव दाट होतो, हा आइन्स्टाइनचा नियम. जिवंत कण घातले की तो पातळही होऊ शकतो, हे नवे ज्ञान.

हे वाचून कोणी 'सक्रिय द्रव्य म्हणजेच वात' असे लिहील, याची मला धास्ती वाटते. तसे लिहिण्याने वाताचे ज्ञान वाढत नाही आणि भौतिकशास्त्रज्ञांपुढे आपली पत मात्र जाते. त्याऐवजी या ज्ञानातून एक व्यवहार्य बोध घ्यावा. द्रव्याचे वाहणे हे त्यात काय जगत आहे यावरही अवलंबून असते. श्वासनलिकेतील श्लेष्मल आवरण हे जेलीसारखे जटिल द्रव आहे; त्याखालील सूक्ष्म लोम सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलून ते वर ढकलतात. त्यातील पाण्याचा अंश घटला की लोमांचे श्रम वाया जातात. कासाच्या रुग्णास आपण कोष्ण जल व बाष्पस्वेद सांगतो, तेव्हा कफदोष आणि हा श्लेष्मा एकच आहेत असे न म्हणताही, या यंत्रणेचा विचार करणे आपल्याला शक्य आहे.

रुग्णाच्या घशापर्यंत

आता ज्या प्रसंगामुळे मी हा लेख लिहावयास बसलो, तो सांगतो. पक्षाघातानंतर तिसऱ्या आठवड्यात एका वृद्ध गृहस्थांना त्यांच्या मुलाने माझ्याकडे आणले. मी काढा दिला, दिवसातून दोन वेळा, 40 मिलिलिटर. दुसऱ्या दिवशी मुलगा म्हणाला, "काढा घेताना बाबांना ठसका लागतो हो." मी सांगितले, "सावकाश, घोट घोट द्या." बाराव्या दिवशी ते न्यूमोनियाने रुग्णालयात दाखल झाले. सुदैवाने बरे होऊन परतले. तो न्यूमोनिया माझ्या काढ्यामुळेच झाला, असे सिद्ध झालेले नाही. झाला नसेल, असे म्हणण्याचा अधिकार मात्र मला नाही. मुलाने सांगितलेला ठसका हे लक्षण होते आणि मी त्याला तक्रार समजलो.

पक्षाघाताच्या आरंभीच्या काळात सुमारे निम्म्या रुग्णांत गिळण्याची क्रिया बिघडलेली आढळते. पाण्यासारखा पातळ द्रव जिभेवरून इतक्या वेगाने घशात उतरतो की श्वासमार्ग बंद होण्यास अवधी मिळत नाही. आपले काढे, आसवे, अरिष्टे ही सर्व याच वर्गातील आहेत. दाट द्रव सावकाश उतरतो. मात्र तो फार दाट वा चिकट असला तर घशात साठून राहतो आणि नंतर श्वासमार्गात जाऊ शकतो. शिवाय दाट केलेले पाणी रुग्ण कमी पितो, त्यामुळे शरीरातील द्रवांश घटण्याचे भय असते. मधात कालवलेले चूर्ण अशा रुग्णास 'घट्ट आहे म्हणून सुरक्षित' समजणे चूक आहे. सांद्रत्व आणि पिच्छिलत्व यांतील भेद येथे जिवाशी येतो.

यासाठी इंटरनॅशनल डिस्फेजिया डाएट स्टँडर्डायझेशन इनिशिएटिव्ह या गटाने शून्य ते सात अशा आठ पातळ्यांची पद्धती ठरविली आहे. तिच्यातील द्रवाची परीक्षा पाहून मला शार्ङ्गधरांच्या परीक्षांची आठवण झाली, इतकी ती साधी आहे. विहित मापाची 10 मिलिलिटरची सुई नसलेली सिरिंज घ्यावी, तिचे तोंड बोटाने बंद करून ती द्रवाने 10 च्या खुणेपर्यंत भरावी, बोट काढावे आणि दहा सेकंदांनी पुन्हा तोंड बंद करावे. सिरिंजमध्ये 1 मिलिलिटरपेक्षा कमी उरले तर पातळी शून्य. 1 ते 4 उरले तर पहिली. 4 ते 8 उरले तर दुसरी. 8 हून अधिक उरले, पण थोडे तरी वाहिले, तर तिसरी. काहीच वाहिले नाही तर चौथी किंवा त्यापुढची, आणि मग चमचा कलता करून पदार्थ सुटतो की चिकटून राहतो हे पाहावयाचे. आमच्या काढ्याची पातळी शून्य आली. ती येणार हे उघडच होते. मी ती पाहिली नव्हती, एवढेच.

काय करता येईल?

औषधनिर्माते बंधूंचा पहिला आक्षेप खर्चाचा असतो. मोठी यंत्रे प्रत्येकाने घ्यावीत, असे माझे म्हणणे नाही. पुढील गोष्टी कोणत्याही लहान औषधनिर्माणशाळेत होऊ शकतात.

1) प्रत्येक अवलेहाच्या बॅचचा नमुना एका ठरावीक तापमानास, उदाहरणार्थ 27 अंशांवर, निवू द्यावा आणि मगच परीक्षा करावी. तप्त पाकावरून काढलेला निष्कर्ष फसवतो. नाशिकच्या जानेवारीत तयार झालेली बरणी अकोल्याच्या मे महिन्यात उघडली जाणार आहे, याचे भान ठेवून तोच नमुना 40 अंशांवरही पाहावा.

2) सपाट पट्टीवर ठरावीक वजनाचा नमुना ठेवून अर्ध्या मिनिटात तो किती मिलिमीटर पसरतो, हे लिहावे. पट्टी किती अंश कलल्यावर तो सरकू लागतो, हेही लिहावे. पट्टी, कोनमापक आणि घड्याळ एवढीच साधने लागतात. हातात धरावयाच्या रिफ्रॅक्टोमीटरने पाकाचा ब्रिक्स पाहिल्यास शर्करेचा अंदाज येतो.

3) ज्यांच्याकडे फिरत्या दांड्याचा श्यानतामापक आहे, त्यांनी आकड्याबरोबर दांड्याचा क्रमांक, फेऱ्यांची गती आणि तापमान लिहिल्याशिवाय तो आकडा नोंदवू नये. ढवळल्याने पातळ होणाऱ्या पदार्थाच्या बाबतीत या तीन गोष्टींविना आकड्यास अर्थ नसतो.

4) ज्येष्ठ पाककर्ता कामावर असतानाच त्याच्या पसंतीस उतरलेल्या किमान दहा बॅचेसची ही मापे नोंदवून ठेवावीत. त्याचा हात हेच आपले मूळ प्रमाण आहे. मापे त्या हाताशी जुळविलेली असावीत.

5) चिकित्सकांनी वृद्ध, पक्षाघाताचा अथवा कंपवाताचा रुग्ण आल्यास काढा लिहिण्यापूर्वी 'पाणी पिताना ठसका लागतो का?' हा एक प्रश्न विचारावा. उत्तर होय असल्यास गिळण्याची तज्ज्ञाकडून तपासणी होईपर्यंत पातळ कल्प देऊ नये, आणि स्वतःच्या अंदाजाने तो दाट करूनही देऊ नये.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हाताला जे कळते ते पट्टीला आणि सिरिंजला कसे कळणार, असे माझे अनेक ज्येष्ठ सहकारी विचारतात. त्यांचा मुद्दा मला मान्य आहे. दादांना गंध, वर्ण, बुडबुड्यांचा आवाज, पळीला होणारा विरोध हे सारे एकाच क्षणी कळत असे. कोणतीही पट्टी ते एकवटू शकत नाही. परंतु दादा गावी गेले त्या दिवशी ते ज्ञानही गावी गेले. शार्ङ्गधरांनी आपल्या काळच्या पाककर्त्यांच्या हाताला जे कळत होते ते पाच लक्षणांत बांधून ठेवले, म्हणून ते आपल्यापर्यंत पोहोचले. त्यांनी लिहिण्याचे काम केले. आपण नोंदवहीत एक रकाना वाढविण्यास का-कू करीत आहोत.

आमच्या नोंदवहीत तो रकाना आता आहे. गेल्या दिवाळीत दादा भेटीस आले असता मी त्यांना वासावलेहाच्या नव्या बॅचचे आकडे दाखविले. त्यांनी वही बाजूला ठेवून पळी मागितली, अवलेह उचलून पाहिला आणि म्हणाले, "बरा आहे. अजून दोन मिनिटं चालला असता." ती दोन मिनिटे किती मिलिमीटर होतात, हे आम्ही पुढच्या पाकात मोजून लिहिले आहे.